सायकल हातात धरून चालणारा माणूस

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही. लिहायचं डोक्यात होतं, पण विषय असा की दोन ओळी लिहिल्या की तीन दिवस वाचण्यात जायचे. आज मात्र बसलेच आहे. नातेवाईक मंडळींनी पहिला परिच्छेद वाचून "हे आम्हाला माहीतच आहे" म्हणून सोडून देऊ नये, पुढे तुम्हाला माहीत नसलेलंही आहे.

गोष्ट २०१९ च्या डिसेंबरातली. बहिणीचा मुलगा नुकताच इंजिनियर होऊन पहिल्या नोकरीला लागला होता. नोकरी म्हणजे काय, तर दिवसभर कॉम्प्युटरवर रस्त्यांचे फोटो बघायचे आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूभोवती चौकट काढायची. ही कार, हा ट्रक, हा पादचारी, हा सायकलस्वार. अशा लाखो चौकटी बघून बघून गाडीतला कॉम्प्युटर रस्ता ओळखायला शिकतो म्हणे. एका रविवारी सगळे जेवायला जमलो होतो तेव्हा त्याने विचारलं, "मावशी, सायकल हातात धरून चालणारा माणूस कुठे टाकायचा? पादचाऱ्यात की सायकलस्वारात?"

मी म्हटलं, "पादचाऱ्यात. चालतोय ना?"

"मग सायकलचं काय करू?"

"आधी भात घे," बहीण म्हणाली.

अण्णा ताटात बघून जेवत होते. ते ऐकताहेत असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. मान वर न करता म्हणाले, "तो मीच."

पोरांना कळलं नाही. आम्हा दोघी बहिणींना कळलं.

१९८६ साली मी सातवीत होते. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. पाळी सुटली की त्या रस्त्यावर सायकलींचा पूर यायचा, आणि त्या पुरातून आपले अण्णा कोणते हे आई लांबून ओळखायची. एका संध्याकाळी ते गिरणीतून दळण घेऊन निघाले. कॅरियरला दळणाचा डबा बांधलेला, डबा जड, म्हणून सायकल हातात धरून चालत रस्ता ओलांडत होते. उजवीकडून स्कूटर आली. स्कूटरवाला थांबला, त्यानेच रिक्षा करून अण्णांना दवाखान्यात नेलं, वाईट माणूस नव्हता. नंतर तो घरी येऊन म्हणाला, "मला वाटलं हे थांबतील." आणि अण्णा म्हणाले, "मला वाटलं तुम्ही मागून जाल." पाय दोन ठिकाणी मोडला होता. तीन महिने प्लास्टर, आणि जन्माची थोडी लंगड. रस्त्यावर पसरलेलं ते ज्वारीचं पीठ मला अजून दिसतं.

घरात मात्र ही गोष्ट नेहमी एकाच वाक्याने संपायची. अण्णाच म्हणायचे, "मी बघायला हवं होतं." आईही तेच म्हणायची, आणि पुढे आम्हीही.

जेवणं झाल्यावर भाच्याने मला अमेरिकेतल्या टेम्पी गावच्या अपघाताबद्दल सांगितलं. त्याचा अहवाल तेव्हा नुकताच आला होता. तो मी वाचला आणि त्यातल्या एका वाक्यावर अडकले. पण ते वाक्य कळायला आधी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

मोटार आली तेव्हा रस्ता कुणाचा हा प्रश्न कुणी विचारत नसे. रस्ता सगळ्यांचा होता. भाजीवाले, घोडागाड्या, खेळणारी पोरं, मधोमध उभं राहून बोलणारी माणसं, सगळे तिथेच. अमेरिकन शहरांत १९२० च्या सुमारास मोटारींखाली माणसं मरायला लागली, त्यात लहान मुलं फार, तेव्हा लोकांचा राग सरळ मोटारवाल्यांवर होता. १९२३ साली सिनसिनाटी शहरात ४२ हजारांवर लोकांनी सह्या केल्या, की शहरातल्या प्रत्येक मोटारीला ताशी २५ मैलांच्या वर जाऊच न देणारं यंत्र बसवा. बेचाळीस हजार! मोटार विकणारे घाबरले, त्यांनी जोरदार प्रचार केला, आणि मतदानात तो ठराव पडला.

पण धंद्यातल्या लोकांना धडा मिळाला होता. रागाची दिशा बदलायला हवी. त्यासाठी एक शब्द कामाला आला, 'जेवॉकर'. त्या काळच्या अमेरिकन बोलीत 'जे' म्हणजे गावंढळ, शहरात येऊन भांबावलेला माणूस. कुठूनही रस्ता ओलांडणारा तो 'जेवॉकर'. आपल्याकडे "काय रे, खेड्यातून आलास का?" म्हणतात ना, तोच टोमणा. मोटार क्लबांनी हा शब्द शाळांतून, मिरवणुकांतून, वर्तमानपत्रांतून रुजवला. १९२५ साली लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांना बांधून घालणारा कडक नियम केला आणि इतर शहरांनी त्याची नक्कल केली. पीटर नॉर्टन या इतिहासकाराने 'फायटिंग ट्रॅफिक' या २००८ च्या पुस्तकात हे सगळं मांडलं आहे. मी ते वाचताना एकदा मिटून ठेवलं. आमच्या घरातलं ते वाक्य, "मी बघायला हवं होतं", ते अण्णांचं नव्हतंच की काय असं वाटायला लागलं.

इंग्लंडची गोष्ट जरा वेगळी. तिथे १९३० च्या कायद्याने मोटारींची वेगमर्यादाच काढून टाकली होती (हो, काढून टाकली होती!). १९३४ साली ७,३४३ माणसं रस्त्यावर मेली, त्यातली जवळजवळ निम्मी पायी चालणारी. त्याच वर्षी लेस्ली होअर-बेलिशा नावाचा नवा वाहतूकमंत्री आला. त्याने वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा परत आणली, आणि रस्त्यात पोलादी खिळे ठोकून ओलांडायच्या जागा आखल्या. स्वतः ओलांडून दाखवायला गेला तर एका स्पोर्ट्स कारखाली येता येता वाचला. खिळे ड्रायव्हरला दिसत नाहीत, म्हणून कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब आणि वर नारिंगी गोळे आले. त्यांना अजून 'बेलिशा बीकन' म्हणतात. तरी ड्रायव्हर थांबेनात. मग रस्ते-संशोधन प्रयोगशाळेत वेगवेगळ्या खुणा करून बघितल्या, आणि १९५१ साली ते जाडे काळे-पांढरे पट्टे सरकारी नियमात आले. झेब्रा क्रॉसिंग.

मला हे पट्टे म्हणजे माणसाच्या हालचालीचं भाकीत करायचं पहिलं यंत्र वाटतं. माणसाच्या मनात काय आहे ते कळत नाही ना? मग जागाच ठरवून टाका. इथे माणूस येईल, बाकी कुठे येणार नाही. भाकीत सोपं झालं. फक्त त्या 'बाकी कुठे येणार नाही' मध्ये एक लबाडी लपली आहे. माणूस तिथेच ओलांडतो जिथे त्याला जायचं असतं. गिरणी रस्त्याच्या या बाजूला आणि घर त्या बाजूला, त्याला अण्णा काय करणार?

लहान मुलांचं भाकीत तर त्याहून अवघड. ड्रायव्हिंग शिकवणारे सांगतात, चेंडू रस्त्यावर आला की मागून पोर येणारच. त्याच्या पलीकडे फारसा विचार कुणी केला नव्हता. तो केला स्टीना सांडेल्स या स्वीडिश मानसशास्त्रज्ञ बाईने. तिने वर्षानुवर्षं लहान मुलांवर प्रयोग केले. आवाज कुठून आला ते त्यांना कळतं का, कडेने येणारं वाहन दिसतं का, पाठ केलेला नियम खऱ्या रस्त्यावर आठवतो का. १९६८ साली तिचं पुस्तक आलं. निष्कर्ष असा, की लहान मुलाला आजच्या वाहतुकीत मुरवता येतच नाही. शिकवणी कमी पडते असं नाही, ते वयच तसं नाही. तेव्हा बदलायची ती वाहतूक. आता हे वाचताना सोपं वाटतं. पण पन्नास वर्षं सगळा भर मुलांना गाणी, गोष्टी, खारूताईची चित्रं यांनी नियम शिकवण्यावर होता. त्यानंतर हे म्हणायला छाती लागते.

हॉलंडमध्ये १९७१ साली सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं. एका पत्रकाराने, ज्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली होती, १९७२ साली 'मुलांची हत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि त्यातून आंदोलन उभं राहिलं. आज ज्या डच सायकल-रस्त्यांचं कौतुक आपण फोटोंत बघतो ते असे आले आहेत, आपोआप नाही. हॉलंडच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून त्यात शिरत नाही. पण एका माणसाबद्दल लिहायलाच हवं.

हान्स मॉन्डरमन. वाहतूक-अभियंता, २००८ साली वारला. याने ड्रॅख्टन गावातल्या गजबजलेल्या चौकातले सिग्नल काढून टाकले. पाट्या, पट्टे, सगळं. त्याचं म्हणणं, खुणा असल्या की ड्रायव्हर खुणांकडे बघतो, माणसाकडे बघत नाही. खुणा काढा, म्हणजे तो समोरच्याच्या डोळ्यांत बघेल आणि हळू होईल. पत्रकार भेटायला आले की तो त्यांच्याशी बोलता बोलता पाठमोरा वाहतुकीत चालत जायचा, आणि गाड्या त्याला वळसा घालून जायच्या. आंधळ्या लोकांनी यावर रास्त आक्षेप घेतला, की ज्याला डोळ्यांत बघता येत नाही त्याने काय करायचं? मला तो आक्षेप पूर्ण पटतो. तरीही मॉन्डरमनबद्दल वाचताना मला अण्णांचा हात आठवला. लहानपणी लक्ष्मी रस्ता ओलांडताना त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. तळवा पुढे करायचा, पळायचं नाही, मध्येच थांबायचं नाही, आणि "गाडीकडे बघू नको, गाडीवाल्याकडे बघ." पुण्यात, पुण्यातच कशाला, आपल्याकडे सगळीकडे करोडो लोक रोज असेच रस्ता ओलांडतात.

आणि कॉम्प्युटरला नेमकं हेच शिकवणं अवघड गेलं. जर्मनीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. फुटपाथच्या कडेला आलेल्या माणसांचे व्हिडिओ लोकांना दाखवले आणि विचारलं, हा ओलांडणार की थांबणार? काही व्हिडिओंत शरीराचा एकेक भाग झाकला होता. नुसती हालचालीची दिशा आणि वेग दिसत असेल तर बघणारे चुकत. पाय, मान, शरीराचा कल दिसला की त्यांना जमे. म्हणजे आपण रस्त्यावर क्षणाक्षणाला समोरच्याचं अंग वाचत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. मग डाइम्लर कंपनीत दारिऊ गाव्रिला आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते गाडीला शिकवायचा घाट घातला. त्यांच्या २०१४ च्या एका निबंधात तीन गोष्टींवर भर आहे. माणूस कडेपासून किती दूर आहे, टक्कर होण्याइतकी गाडी जवळ आली आहे का, आणि त्याने मान वळवून गाडीकडे बघितलं का. बघितलं असेल तर तो थांबायची शक्यता जास्त. (अण्णांच्या शिकवणीत गाडीकडे बघणारा माणूस थांबत नाही, हात दाखवून चालू पडतो. त्या मान वळवण्याचा अर्थ पुण्यात नेमका उलटा!)

माणसं एकमेकांना कशी चुकवत चालतात याची गणितंही त्याआधीपासून होती. डिर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी १९९५ साली गर्दीतल्या माणसांना जणू अदृश्य स्प्रिंगा लावल्या. जवळ आलं की ढकलायचं, मुक्कामाकडे ओढायचं. पुढे स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१६ मध्ये स्प्रिंगा काढून सगळं यंत्रालाच शिकू दिलं. शिकायला दिलेले व्हिडिओ झुरिकमधले आणि सायप्रसमधल्या विद्यापीठाच्या आवारातले. म्हणजे माणूस चालतो कसा हे बरेचसे कॉम्प्युटर झुरिकमध्ये शिकले. २०१८ साली हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांचा चित्रसंग्रह काढला, हैदराबाद-बंगलोरच्या रस्त्यांची दहा हजार चित्रं, त्यात रिक्षाला आणि जनावरांना स्वतःचा वर्ग मिळाला. उशिरा का होईना.

आता टेम्पी.

१८ मार्च २०१८, रात्री दहाच्या सुमारास. अ‍ॅरिझोना राज्य. उबर कंपनीची चाचणीची गाडी स्वतःची स्वतः चालत होती, सीटवर लक्ष ठेवायला एक बाई. रस्त्याच्या मध्यभागी झाडं लावलेला दुभाजक, त्यावर विटांच्या पायवाटा. चालायला केल्यासारख्याच दिसणाऱ्या, आणि शेजारी पाटी की इथून ओलांडू नका! क्रॉसिंग सुमारे ११० मीटर पुढे. ४९ वर्षांची एक स्त्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती.

गाडीला ती दिसली होती. हे फार महत्त्वाचं आहे. टक्कर व्हायच्या ५.६ सेकंद आधी रडारने तिला टिपलं. तेवढ्या वेळात त्या वेगाने येणारी गाडी आरामात थांबते. पण कॉम्प्युटरला ती काय आहे हे ठरवता येईना. आधी म्हणाला वाहन. मग 'इतर'. मग पुन्हा वाहन, पुन्हा इतर. २.६ सेकंद उरले तेव्हा सायकल. आणि प्रत्येक वर्गाचं भाकीत वेगळं. वाहन असेल तर ते आपल्या लेनमधून सरळ जाणार. 'इतर' असेल तर ते जागच्या जागी उभं आहे असं धरायचं. त्याहून वाईट म्हणजे, वर्ग बदलला की तिची आधीची सगळी हालचाल पुसली जायची. ती प्रत्येक वेळी कॉम्प्युटरसाठी नव्याने जन्माला येत होती, भूतकाळ नसलेली. ती डावीकडून उजवीकडे संथपणे चालत येते आहे ही एवढी साधी गोष्ट, जी कुठल्याही पोराला दिसली असती, ती जोडलीच गेली नाही. १.२ सेकंद उरले तेव्हा कळलं की ही वाटेत आहे. उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून त्या प्रणालीत मुद्दाम एक सेकंद थांबायची सोय केली होती, तो सेकंद गेला. गाडीने तिला धडक दिली तेव्हा वेग ताशी सुमारे ६३ किलोमीटर होता. गाडी मूळची व्हॉल्वो. तिचे कारखान्यातले आपोआप लागणारे ब्रेक चाचणीसाठी बंद ठेवले होते. नंतर व्हॉल्वोने त्या स्त्रीच्या हालचालीचे वीस पर्याय घेऊन कॉम्प्युटरवर करून बघितलं, तर सतरा वेळा टक्कर टळली असती.

आणि मी जिथे अडकले ते वाक्य. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळाने लिहिलं आहे की त्या प्रणालीच्या रचनेत जेवॉकिंग करणाऱ्या पादचाऱ्यांचा विचारच केलेला नव्हता.

तो १९२० च्या दशकातला गावंढळ! शंभर वर्षांपूर्वी ज्याला हिणवून रस्त्यावरून हाकललं, तो २०१८ च्या प्रोग्रॅममध्ये नव्हताच. कुणी दुष्टपणे काढला असेल असं मला वाटत नाही. मीही सॉफ्टवेअरमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, इन्शुरन्सच्या बाजूला. असे वर्ग आम्हीही पाडतो आणि जो कुठे बसत नाही तो 'इतर' मध्ये जातो. शुक्रवारी संध्याकाळी हा निर्णय घेताना कुणाला पाप केल्यासारखं वाटत नाही.

पहिल्या काही दिवसांत तिथल्या पोलीसप्रमुख म्हणाल्या होत्या की ती एकदम अंधारातून समोर आली, कंपनीची चूक नसावी. पुढे चौकशीत सीटवरची बाई फोनवर कार्यक्रम बघत होती हे निघालं. मंडळाने मुख्य कारण तेच धरलं, आणि त्याच्या जोडीला कंपनीची ढिली सुरक्षा-व्यवस्था, राज्याची अपुरी देखरेख, आणि क्रॉसिंग सोडून ओलांडणं. म्हणजे तिचाही वाटा लिहिला. २०२३ साली सीटवरच्या बाईने गुन्हा कबूल केला, तीन वर्षांची देखरेखीची शिक्षा झाली. कंपनीवर खटला झाला नाही. विटांच्या त्या पायवाटा काढून टाकल्या. त्याच २०२३ च्या एक जानेवारीपासून कॅलिफोर्नियात धोका नसताना कुठूनही रस्ता ओलांडला तर दंड करता येत नाही असा कायदा झाला. लॉस एंजेलिसच्या नियमाला ९८ वर्षं झाली होती.

आपल्याकडे २०२२ साली सरकारी आकड्यांप्रमाणे १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी. यातल्या किती जणांबद्दल घरात "बघायला हवं होतं" म्हटलं गेलं असेल, कोण जाणे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी एकदा अण्णांना सांगितलं. शब्दाची गोष्ट, पट्ट्यांची, टेम्पीची. म्हटलं, "अण्णा, तुमची चूक नव्हती." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो स्कूटरवाला बिचारा दर महिन्याला यायचा गं. बिस्किटं आणायचा." एवढंच. त्यांना कुणाला तरी सोडवायचं होतं ते त्यांनी केव्हाच सोडवलं होतं, मीच मागे राहिले होते.

भाच्याला (तो आता जर्मनीत आहे, वाचत असशील तर फोन कर) त्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवसांनी ऑफिसातून आलं होतं. माणूस पादचाऱ्यात टाकायचा, आणि सायकलभोवती वेगळी चौकट काढायची. त्याने ते अण्णांना आवर्जून फोनवर सांगितलं.

अण्णांनी विचारलं, "आणि दळणाचा डबा?"